जाऊबाईंच्या कोऱ्या बरण्या

आमच्या जाऊबाईंच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही. विश्वास बसत नसेल तर त्यांनाच विचारा. दूध उतू गेलं तर पातेलं लहान असतं. कुलूप अडकलं तर किल्ली वाकडी असते. पुस्तकात एखादा भाग उलटा शिवला गेला, तर गिऱ्हाईकानं पानंच तशी लावून दिलेली असतात. स्वभावाला औषध नाही म्हणतात. पण ह्या स्वभावापायी एक दिवस आमच्या मुकादमाच्या पोटात विष गेलं, आणि तेव्हापासून ही म्हण नुसती कानावर पडली तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. त्याच्याकडे येतेच, पण आधी बाईंचं पुरतं सांगते, कारण गोष्ट बाईंची आहे.

आमचा पुस्तकबांधणीचा धंदा. खाली कारखाना, वर घर. कारखाना आपलं म्हणायचं. मधली भिंत पाडून एक केलेल्या दोन खोल्या. दाराशी कागद कापायचं मशीन, त्याच्यामागं पुठ्ठ्यांची चवड, भिंतीला लोखंडी दाब, मधोमध शिलाईचं लांब टेबल आणि खिडकीत शेगडीवर खळीचं पातेलं. खळ म्हणजे पिठाची चिकी, पुठ्ठे डकवायला लागते ती. जाऊबाई या घरात आल्या तेव्हा कारखान्यावर कर्ज होतं आणि सासरे अंथरुणाला खिळलेले होते. बाईंनी सुई हातात घेतली ती आजतागायत खाली ठेवलेली नाही. शिलाई त्यांची, खळ त्यांची, पाठीवरची सोनेरी अक्षरं त्यांची. हे मी मान्य करते. कोणी नाही म्हटलं तर त्याच्याशी भांडेन. पण बाई कर्तबगार आहे म्हणून तिनं सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटावेत असं कुठं लिहिलंय?

शिवून झालेल्या प्रत्येक पुस्तकाचा दोरा त्या स्वतः ओढून बघतात. माझ्या हातचं असो नाहीतर कोणाच्याही. जरा ढिला लागला की कात्री घालून सगळं उसवून समोर टाकतात, वर एक शब्द बोलत नाहीत. त्यांनी शिवलेलं पुस्तक मात्र कोणी ओढून बघायचं नाही. एकदा मी सहज दोऱ्याला हात लावला, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय गं, मी तुझ्या हाताखाली कामाला लागलेय का?"

आणि त्या बरण्या! कुठलीही वस्तू घरात आली की तिचं पाकीट फाडायचं, माल बरणीत ओतायचा आणि पाकीट केरात टाकायचं, ही बाईंची शिस्त. पाकिटं म्हणजे पसारा. खिडकीवरच्या लांब फळीवर काचेच्या बरण्यांची रांग, सगळ्या घासूनपुसून लख्ख, सगळ्यांना एकसारखी झाकणं. मोरचूद, सरस, सोडा, राळ, चुका म्हणजे बारीक खिळे, दिरांच्या लिमलेटच्या गोळ्या, सगळं एका ओळीत. आणि एकाही बरणीवर नाव नाही.

मी एकदा म्हटलं, "ताई, आपण जन्मभर लोकांच्या पुस्तकांवर सोनेरी नावं छापतो. आपल्या बरण्यांवर साध्या शाईनं लिहायला काय जातं?"

"मला कळतं कशात काय आहे ते," जाऊबाई म्हणाल्या. "ज्याला कळत नाही त्यानं हात लावू नये."

संपला विषय. त्यांच्याशी बोलताना विषय नेहमी असाच संपतो.

दादा म्हणजे माझे मोठे दीर, जाऊबाईंचे यजमान. कापायचं मशीन तेच चालवायचे. पुढं त्यांची नजर अधू होत गेली. आधी पात्याची धार दिसेना, मग पातंच दिसेना. बोटं शाबूत आहेत तोवर बाईंनी त्यांना मशीनवरून उठवलं आणि बाकावर बसवलं. आता ते नुसता कागद चिमटीत धरून त्याची जात सांगतात. विडी सोडल्यापासून त्यांना सारखी तोंडात गोळी लागते. मग ते उठतात, खिडकीची चौकट हातानं धरतात, तिथून चाचपत चाचपत एकेक बरणी मागं टाकत जातात आणि आपली बरणी बरोबर काढतात. "बघ, फळीवर शिस्त असली की डोळेसुद्धा लागत नाहीत," असं जाऊबाई मला ऐकवायच्या.

नजर गेल्यावर दादांनी घराबाहेर पाय टाकणं सोडलं होतं. माझे यजमान, म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, हात धरून नेतो म्हणाले तर अंगावर आले. "मी काय माल आहे, कोणी उचलून पोचवायला?" या घरात अशी नवरा-बायकोची जोडी जमलेली. मग पुठ्ठ्याच्या टेम्पोतून एक पिल्लू आलं. कधी चढलं, कुठून आलं, कोणाला पत्ता नाही. जाऊबाई गरजल्या, "एक तर हे ध्यान इथं राहील, नाहीतर मी." दोघंही राहिले. पिल्लू मोठं होऊन प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन काम हुंगायला लागलं म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. आणि कोणी न शिकवता ते दादांच्या पायाशी पाय लावून चालायला लागलं. गाडी आली की थांबायचं, दादांच्या पोटरीला अंग टेकवायचं, गाडी गेली की पुढं. त्याचा पट्टा हातात धरून दादा पुन्हा कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानापर्यंत जायला लागले. माणसाचा हात नको, कुत्र्याचा पट्टा चालतो! पण तोंडावर रंग आला होता त्यांच्या. मोठमोठ्यानं हसून परत यायचे.

त्या दुपारी मी जेवून खाली आले तर मशीनच्या मागून चपचप आवाज येत होता. मुकादम पुठ्ठ्यांच्या चवडीत तोंड खुपसून काहीतरी चाटत होता. शेपटी नुसती गरगर फिरत होती. मला आधी वाटलं, खळ सांडली असेल. पण आमच्या खळीत मोरचूद असतं, कीड आणि उंदीर लागू नये म्हणून, आणि त्या वासाला तो नाक मुरडून लांब जातो. ही खळ त्याला भलतीच गोड लागलेली दिसत होती. मी त्याला पट्ट्याला धरून ओढलं. मागं पुठ्ठ्याचे तुकडे ओळीनं मांडलेले होते, सगळे चाटूनपुसून साफ. एका तुकड्याच्या कडेला हिरवी कणी चिकटलेली होती.

"ताई, हे काय आहे?"

जाऊबाई टेबलाशी सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय असायचंय? खळ."

"खळ हिरवी कधीपासून झाली?"

तेव्हा त्यांनी बघितलं. सुई हातातच राहिली. "ते उंदराचं औषध असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही ठेवलंय की नाही?"

"ठेवलंय. उंदरांसाठी ठेवलंय. कुत्र्यानं तिथं तोंड घालायचं काय कारण?"

औषध म्हणे! उंदीर आजारी होता का? आपण विषाला लाडानं औषध म्हणतो आणि मग औषधासारखंच ते कुठंही ठेवतो. माझ्या तोंडून तेव्हा काय काय बाहेर पडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. कारखान्यात उंदीर झालेत हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. का नव्हतं? कारण उंदीर झाले म्हटलं की, का झाले हे विचारलं गेलं असतं. आणि का झाले, तर आधीच्या आठवड्यात खळीत मोरचूद घालायचं राहिलं होतं, हे नंतर कळलं. पातेलं कोणाचं, तर बाईंचं. म्हणजे एक चूक लपवायला उंदीर लपवले, उंदीर लपवायला विष लपवलं, आणि ते विष बिनमोरचुदाच्या गोड खळीत कालवून, आम्हाला एका शब्दानं न सांगता, जिथं कुत्रा रोज लोळतो तिथं मांडून ठेवलं.

"कुत्र्यानं खाल्लंच असेल असं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "उंदरांनी आधीच नेलं असेल."

मुकादमाच्या मिशांना खळ लागलेली होती. तो जिभेनं तीही साफ करत होता.

माझा आवाज गल्लीत गेला आणि गल्ली आमच्या दारात आली. कुत्र्याच्या आजारावर ज्याला काही कळत नाही असा एक माणूस मला दाखवा. शेजारचे शिंपी तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ ढवळतच आले. "पाजा, एका मिनिटात ओकेल." समोरच्या किराणावाल्याची बायको म्हणाली, "छे, दूध आणि तूप पाजा, विष मारतं ते." माझे यजमान टेम्पोतून उतरता उतरता म्हणाले, "काही होताना तर दिसत नाहीये. थोडा वेळ बघू या."

"काय बघायचं?" मी म्हटलं. "दिसायला लागेल तेव्हा बघायला काही उरेल का?"

मी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिकडची बाई एवढी शांत बोलत होती की मला तिचाही राग आला. कुत्रा केवढा, खाल्लं कधी, किती, एवढं विचारून म्हणाली, "काहीही पाजू नका. मीठ नाही, दूध नाही, तेल नाही. मिठाच्या पाण्यानं कुत्री दगावतात. घरी उलटी करायला लावू नका. विषाचं पाकीट घ्या आणि लगेच निघा. प्रत्येक विषाचा उपाय वेगळा असतो, पाकीट विसरू नका."

फोन कानाला होता तोवर शिंप्यांनी मुकादमाचा जबडा उघडलासुद्धा होता. मी तांब्याला असा हात मारला की सगळं पाणी त्यांच्याच शर्टावर. बिचारे भल्यासाठीच करत होते. मला त्या क्षणी भलं करणाऱ्यांचाही वीट आला होता.

"पाकीट कुठंय, ताई?"

कोणाला विचारत होते मी! पाकीट म्हणजे पसारा ना? आणि बरणी? बरणी धुऊन, पुसून, पालथी घालून ठेवलेली. विष संपल्या संपल्या बाईंनी ती घासून टाकली होती. काचेत माझं तोंड दिसत होतं.

पण जाऊबाईंनी केराचा डबा दारात पालथा केला आणि दोरे-चिंध्यांतून चुरगळलेलं एक हिरवं पाकीट उचलून माझ्या नाकासमोर नाचवलं. "हे घे. परवाच आणलेलं. मी काय मूर्ख आहे?"

टेम्पोत आम्ही सगळे. पुढं हे, मागं कागदाच्या रिमांवर मी आणि जाऊबाई, मध्ये दादा मुकादमाला मांडीवर घेऊन. दादा नुसता त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून होते, श्वास मोजत असल्यासारखे. मुकादम मजेत होता. सहल निघाली असं वाटत होतं त्याला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला तडकफडक. टेबलावर चढवून त्यांनी मुकादमाच्या हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली, मग पाकीट सरळ करून बारीक अक्षरं वाचली.

"पाकीट आणलंत ते फार बरं केलंत," त्या म्हणाल्या. "हे विष रक्त गोठू देत नाही. दिसायला दिवस लागतात, म्हणून लोक फसतात. कुत्रा हसत-खेळत असतो आणि मग एकदम आतून रक्त जायला लागतं. पण तुम्ही वेळेत आलात. उलटी करवून पोट रिकामं करू, मग काही आठवडे गोळ्या द्याव्या लागतील. बरा होईल."

जाऊबाईंची मान ताठ झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो बघण्याचा प्रकार मला चांगला ठाऊक आहे. उगाच आकांडतांडव केलंस, असं त्यात असतं. आणि खरंच सांगते, मला हायसं वाटण्याऐवजी संतापच आला. म्हणजे ह्यातूनसुद्धा बाई बरोबरच ठरणार!

"याशिवाय त्यात दुसरं काही होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. "दुसरं काय असणार?"

"ठीक. पोटात थोडं खाणं असलं की उलटी नीट होते. आधी वाडगाभर खायला देऊ, मग इंजेक्शन." त्यांनी मदतनिसाला खूण केली. मुकादमाला खाली उतरवलं. मदतनिसानं स्टीलचा वाडगा आणला आणि त्यात खाणं मऊ भिजवायला घेतलं.

माझं लक्ष जाऊबाईंच्या हातांकडं गेलं. बोटांवर वाळलेल्या खळीचा पापुद्रा होता आणि त्या तो नखानं खरवडत होत्या. खळ निघाली तरी खरवडत होत्या. डोळे वाडग्यावर. मला वाटलं, आता खाणंही चुकीचं आहे म्हणून सांगतील.

वाडगा फरशीवर वाजला. दादांनी तो आवाज ऐकला आणि दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसले. "खातोय ना? खातोय म्हणजे बरा आहे गं," ते जाऊबाईंना म्हणाले.

"थांबा!"

मुकादमानं तोंड घालायला आणि जाऊबाईंनी वाडगा ओढायला एकच गाठ पडली. तो गुरगुरला. बाईंनी ओढलाच. अर्धं खाणं त्यांच्या पायांवर सांडलं.

"काळी पूड होती त्यात," जाऊबाई म्हणाल्या.

"कसली पूड?"

"जुनी. हातगाडीवाल्याकडून घेतलेली. बरणीच्या तळाला उरली होती. नवीन वड्या कुस्करून तिच्यातच घातल्या आणि सगळं खळीत कालवलं." मग हळू आवाजात म्हणाल्या, "वाया कशाला घालवायची म्हणून."

"वास कसला यायचा तिला?"

"कुजक्या लसणासारखा."

डॉक्टरीणबाईंचा चेहराच बदलला. "खाणं सगळं पुसून काढा. खिडक्या उघडा. ह्याला आधी मागच्या अंगणात न्या, मोकळ्या हवेत." सलाईन, कसलंसं पोटातलं आम्ल मारायचं औषध, एकामागून एक हुकूम सुटत होते. मदतनीस धावला. मग त्या जाऊबाईंकडे वळल्या. "बाई, ती पूड पोटातल्या आम्लाला लागली की विषारी वायू होतो. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं. मी त्याला खाऊ घालत होते! आणि ह्या बंद खोलीत तो ओकला असता तर तो वायू आपण सगळ्यांनी हुंगला असता. मी आत्ता विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

जाऊबाईंनी हातातला वाडगा टेबलावर ठेवला.

"बोला ना," मी म्हटलं. माझा आवाज चढला, चढू दिला. "डॉक्टर तोंडावर विचारतायत आणि तुम्ही नाही म्हणता? जीव जात होता त्याचा! दादांचे पाय आहेत ते, ताई! कशासाठी? मी पुढं कधीतरी बरण्यांवरून तुम्हाला बोलेन म्हणून?"

माझे यजमान मध्ये पडले. सगळ्यांचं भलं बघायची त्यांना भारी हौस. "जाऊ दे. वहिनींचा काय दोष? त्या हातगाडीवाल्यानंच पाकिटाशिवाय, नावाशिवाय विकलं. खरी चूक त्याची."

एवढं सरळ निमित्त कोणी आयतं हातात ठेवलंय आणि बाईंनी ते घेतलं नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. जाऊबाईंनी दिराकडे बघितलंसुद्धा नाही.

"तो काही आपल्या कारखान्यात येऊन बरणी भरून गेला नव्हता," त्या म्हणाल्या. "चुकले मी."

हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची मला किती वर्षं हौस होती! मनातल्या मनात कितीदा तरी मी ते त्यांना म्हणायला लावले होते आणि पुढं काय बोलायचं हेही ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात त्याची चव काही लागली नाही. उलट मी आणखी भडकले. एवढंसं वाक्य होतं. आधी म्हणायला काय धाड भरली होती?

मागच्या अंगणात वारा जिकडून येत होता त्या बाजूला सगळ्यांना उभं करून डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला ओकायला लावलं. घाण वास सुटला. मघाचा मजेतला मुकादम आता चार पाय फाकवून थरथरत होता, मग बसला, मग आडवा झाला. दादा पुढं जायला लागले तर मदतनिसानं अडवलं. "त्याला दिसत नाही मी कुठं आहे ते," दादा म्हणाले. त्याला का तुम्हाला, असं कोणी म्हटलं नाही. जाऊबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पायांवर तसंच खाणं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले नाही.

मुकादमाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. तो जगेल की नाही हे डॉक्टरीणबाई सांगेनात. दोन्ही विषांशी एकदम भांडायचं होतं, एक झटपट मारणारं आणि एक सावकाश. घरी दादा रिकामा पट्टा हातात घेऊन दारातल्या पायरीवर बसायचे. चहाला नेतो म्हणून भाऊ आला की मान हलवायचे. शिंपी येऊन जाऊबाईंची समजूत घालायचे, "वहिनी, कुत्रंच हावरट, तुम्ही तरी काय करणार?" त्या म्हणायच्या, "हावरट नाही तो. मी ठेवलं म्हणून त्यानं खाल्लं." शिंपी चपला घालून निघून जायचे. किराणावालीलाही त्यांनी हेच ऐकवलं. आमच्या गिऱ्हाइकांनाही. जणू एकदा तोंड उघडलंच आहे तर सगळं बाहेर काढून टाकायचं ठरवलं होतं. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. माफ करायला मला कोणी सांगू नये. ज्याचं पोट जळलं त्याला विचारा.

मुकादम वाचला. वाळून घरी आला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. गोळ्या चालू, रक्त तपासणी चालू, आणि कोपऱ्यापर्यंत जायचं बळ नाही. दादा त्याला दारातून पायरीपर्यंत नेत आणि परत आणत. कोण कोणाला नेतंय ते कळत नव्हतं.

तो आला त्याच दुपारी जाऊबाईंनी फळीवरच्या सगळ्या बरण्या उतरवून टेबलावर मांडल्या. माझ्यापुढं कागदाच्या पट्ट्या, खळ आणि शाईचं पेन ठेवलं.

"मी सांगते, तू लिही," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात."

मी लिहायला लागले. मोरचूद, आणि खाली तांबड्या शाईनं विष. सरस. सोडा. राळ. चुका. त्या बरणी पुढं सारायच्या, नाव सांगायच्या, मी लिहून चिकटवायची. दोघी एकमेकींकडे न बघता काम करत होतो. दादा बाकावर होते, पायाशी मुकादम.

मग एका बरणीपाशी जाऊबाई थांबल्या. आत पांढरे बारीक खडे होते, तळाला अर्धी वाटीभर. त्यांनी ती उजेडात धरली. झाकण उघडून लांबूनच वास घेतला आणि पुन्हा लावलं. पुन्हा उजेडात धरली. मी पेन घेऊन वाट बघत होते.

"काय लिहू?"

"ह्यात काय आहे," जाऊबाई म्हणाल्या, "ते मला माहीत नाही."

दादांच्या तोंडात गोळी होती. ती दातांवर वाजली आणि थांबली. "कोणती गं ती?" त्यांनी विचारलं. "माझ्या गोळ्यांच्या शेजारची?"

जाऊबाईंनी रिकाम्या फळीकडे बघितलं, खिडकीच्या चौकटीकडे, मग दादांच्या हाताकडे. त्या हाताला एक बरणी अलीकडे काय आणि पलीकडे काय. मग त्यांनी बरणी बाकापासून लांब, टेबलाच्या टोकाला ठेवली.

"हो," त्या म्हणाल्या.

मला ओरडायचं होतं. पुष्कळ होतं ओरडायला. मी पेनाचं टोपण लावलं. जाऊबाईंनी ती बरणी झाकणासकट जाड पिशवीत घातली, असल्या गोष्टी कुठं नेऊन द्यायच्या ते मी डॉक्टरीणबाईंना विचारावं म्हणाल्या, आणि पिशवीच्या तोंडाला शिलाईचा दोरा गुंडाळून गाठ मारली. आमच्याकडची सगळ्यात पक्की गाठ, पुस्तकाच्या शेवटी मारतात ती. मग पिशवी उचलून माझ्यापुढं धरली.

"जरा ओढून बघ गं," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही हातांनी ओढून बघितली. गाठ पक्की होती. तरी मी ती आणखी एकदा ओढली.